सातव्या जिन्याच्या अलीकडे

इडवलने पुस्तक नेरिसच्या हातात दिलं ते खाकी कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून. खाटकाकडून मटण आणावं तसं दिसत होतं ते पुडकं.

"कुणाला दाखवू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारपर्यंत खोकी फोडायची नाहीत असं प्रकाशकांनी बजावलंय. त्या दिवशी खाणीत सगळ्यांसमोर शेवटचं प्रकरण तूच वाचून दाखवणार, म्हणून तुला आधी देतोय. उद्या सुट्टी घे. बैस वाचत."

नेरिसने ते कोटाच्या आत छातीशी धरलं आणि रिमझिम पावसात ब्लेनार्थचा चढ चढून घरी आली. रात्रभर ते उशाशी ठेवलं, पण उघडलं नाही. तीन वर्षं वाट बघितली होती. आता घाईघाईने वाचून ते संपवून टाकायचं नव्हतं.

'सातवा जिना' हे नाव आता जगभरातल्या पोरीबाळींच्या तोंडी होतं, पण नेरिसच्या कानावर ते सगळ्यांच्या आधी पडलं होतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि एर्लिसबाई तिच्या वर्गाला शिकवायच्या. शुक्रवारी जेवणानंतर पोरं पेंगायला लागली की बाई खडू ठेवून टेबलावर बसायच्या आणि गोष्ट सांगायच्या. जमिनीखाली एक शहर आहे. त्याला आकाश माहीत नाही. वर जायला सात जिने आहेत आणि प्रत्येक जिन्यावर एकेक राखणदार. दिव्यांच्या काचा पुसणारी तेगवेन नावाची एक पोरगी एके दिवशी ठरवते, आपण वर जायचं. घंटा झाली की बाई थांबायच्या, बाकीची पोरं दप्तरं उचलून पळायची आणि नेरिस टेबलापाशी जाऊन विचारायची, "मग?"

बाई म्हणायच्या, "मग पुढच्या शुक्रवारी."

वर्गात सांगितलेली गोष्ट वेल्शमध्ये होती, पुढे बाईंनी पुस्तक लिहून छापली ती इंग्रजीत. पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा तेगवेन इंग्रजी बोलते हे बघून नेरिसला जरा परकं वाटलं होतं. पण तेवढंच. पुढे ते पुस्तक तिने इतक्यांदा वाचलं की पानं शिवणीतून सुटली.

दुसरं पुस्तक सहाव्या जिन्याच्या माथ्यावर संपलं आणि मग ब्लेनार्थचं नशीबच पालटलं. गावातली पाटीच्या दगडाची खाण केव्हाच बंद पडली होती. निम्म्या जगाची छपरं ज्या दगडाने शाकारली, त्याच्या काळ्या ढिगाऱ्यांमध्ये गाव नुसतं बसून होतं. वाचकांना मात्र कळलं, की ते जमिनीखालचं शहर म्हणजे हीच खाण. लोक यायला लागले. इडवल खाणीतलं छोटं संग्रहालय सांभाळायचा आणि दिवसभर शब्दकोडी सोडवायचा. त्याने दोन शहाण्या गोष्टी केल्या. एक, खाणीच्या जुन्या रुळांवरची बुटकी गाडी दुरुस्त करून घेतली. दुसरी, लोकांना खाली फिरवायला एक तेगवेन शोधली.

ती नेरिस. सडपातळ, लांब वेणी, खणखणीत आवाज. सतराव्या वर्षी तिने करडा झगा अंगावर चढवला, हातात कंदील घेतला, तो झगा आता एकोणीस झाली तरी उतरला नव्हता. जर्मनीहून आलेल्या बायका तिचा हात धरून रडायच्या. लहान मुली तिला त्यांच्या घरातली दुःखं सांगायच्या.

लिव्हरपूलला नाटकाचे देखावे बांधायला शिकवणारा एक अभ्यासक्रम होता. मागच्या वर्षी तिला तिथे जागाही मिळाली होती. इडवल म्हणाला, "एकच वर्ष थांब. तिसरं पुस्तक येतंय." आई म्हणाली, "एका वर्षाने काय बिघडतंय?" कॉलेजने वर्षभर जागा राखून ठेवायचं कबूल केलं आणि नेरिस थांबली. सगळ्यांना वाटलं, ती गावासाठी थांबली, आईसाठी थांबली. ती थांबली होती तेगवेनसाठी. सातव्या जिन्याच्या वर काय आहे ते आधी कळू दे, मग आपण निघू, असं काहीसं तिच्या मनाने घेतलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

रविवारी सकाळी चहाचा मग, लोणी लावलेला मनुकांचा पाव, पायावर रजई असा सगळा थाट करून तिने सुतळी सोडली.

पहिली तीस-चाळीस पानं ती हसऱ्या चेहऱ्याने वाचत होती. मग आर्वेल नावाचा एक राजपुत्र आला. त्याचे डोळे रुपेरी होते. दोन पानांनी ते पुन्हा रुपेरी होते. पुढच्या प्रकरणात ते चंद्रासारखे रुपेरी झाले. या शहराने चंद्र कधी बघितलाच नाही, मग हे कुणाच्या लक्षात आलं, असा प्रश्न नेरिसला पडला आणि तिने तो झटकून टाकला. असेल, पुढे कळेल. मग म्हातारा दिवेवाला मेला. ज्याने तेगवेनला लहानाची मोठी केली, ज्याचं एकेक वाक्य पोरींनी हातावर गोंदवून घेतलं होतं, तो एका ओळीत मेला आणि पुढच्या ओळीत मेजवानी सुरू झाली. खोटं बोलणाऱ्याच्या हातातला दिवा विझतो हा त्या शहराचा कायदा. आर्वेल धडधडीत खोटं बोलला, दिवा जळतच राहिला, आणि त्याबद्दल पुढे कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

नेरिस प्रत्येक वेळी बाईंच्या वतीने स्वतःला समजावत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसून "आज जरा तरतरी दिसते" असं म्हणतात ना, तसं.

दुपारी तेगवेन सातव्या जिन्याच्या पायथ्याशी पोचली. वरून वारा येत होता. तिने दगडावर हात ठेवला. आणि वळली. 'मी जे शोधत होते ते खालीच होतं,' ती म्हणाली. आर्वेलने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला, शहराने जयजयकार केला, संपलं.

नेरिसने पान उलटलं. पुढे आभार होते. 'माझ्या ब्लेनार्थच्या माणसांना.' दोन पानं चिकटली तर नाहीत ना, म्हणून तिने अंगठ्याने चाचपून बघितलं. नव्हती चिकटली. मग ती शेवटचं पान पुन्हा वाचत बसली, जणू पुन्हा वाचल्यावर ती पोरगी जिना चढणार होती.

"झालं वाचून?" डिलिस, तिची आई, दारात उभी होती. ती खाणीच्या तिकीटखिडकीत बसायची. आज तिच्या हातात एक भलंमोठं खोकं होतं. "कसं आहे गं?"

"चांगलं आहे."

"नुसतं चांगलं? रडलीस की काय?"

"शेवटी शेवटी."

"मग उत्तमच असणार," आई खुशीत म्हणाली आणि तिने खोकं पलंगावर ठेवलं. आत हिरव्या मखमलीचा राणीचा झगा होता, आणि तारेत दगडाच्या चकत्या गुंफलेला मुकुट. "प्रकाशकांनी चित्र पाठवलं होतं, त्यावरून इडवलने कार्डिफहून शिवून आणलाय. घाल बघू. कमरेत घ्यावा लागेल मला."

नेरिस उभी राहिली. आईने मागून बंद आवळले. मुकुट कपाळावर रुतत होता.

"आई, मला पुस्तक आवडलं नाही."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, झग्याला लावल्या आणि मग म्हणाली, "हे बाहेर बोलू नकोस."

"का?"

"का म्हणजे? दोन वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत किती दुकानं उघडी होती, सांग मला. माझ्या मैत्रिणी भांडी घासायला पार किनाऱ्यावरच्या हॉटेलात जायच्या. आज घरबसल्या पाव भाजून विकतायत. आणि एर्लिसबाईंनी तुला शिकवलं, तू त्यांच्या पुस्तकाला नावं ठेवणार? तुला पुस्तकं थोडी आहेत का? दुसरं वाच."

"मी त्या पुस्तकाची वाट बघत होते."

"मग बघितलीस ना? आलं ना? सरळ उभी राहा, टाचणी टोचेल."

पुढचे दिवस भराभर गेले. फोनवर जगाच्या टोकाटोकांहून ओळखीच्या-अनोळखी मुली विचारत होत्या, तू वाचलंस म्हणे? एक शब्द तरी सांग! नेरिस हसरे चेहरे पाठवायची. खोटं बोलायचं नाही म्हणून शब्द लिहायची नाही, पण ते हसरे चेहरे म्हणजे खोटंच होतं, हेही तिला कळत होतं.

तालमीच्या दिवशी ती आणि इडवल खाली मोठ्या दालनात होते. पूर्वी शेकडो माणसांनी पोखरलेली ती जागा, चर्चएवढी उंच. इडवल दिवे लावून बघत होता.

"इडवल, पुस्तक वाईट आहे."

"असेल बाई. मी वाचलेलं नाही." तो शिडीवरून म्हणाला. "पहिलंसुद्धा दहा पानांच्या पुढे गेलं नाही माझं. झोप येते."

"शेवटी ती वर जात नाही. परत फिरते."

इडवल शिडीवरच थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "हे तर फारच छान झालं! मला तीच धास्ती होती. ती बाहेर पडली असती तर आपण लोकांना काय दाखवायचं होतं? बाहेरचा वाहनतळ?"

"म्हणून तुम्हीच सांगितलंत का बाईंना?"

"मी? मला कोण विचारतो? पण सांगायला हवं होतं, हे मात्र खरं." तो खाली उतरला, तिच्या जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ पोरी, शनिवारी तू फक्त वाच. आवडण्याचं काम लोक करतील. ते पैसे मोजून आवडायलाच येतात."

शनिवारी दुपारी दालन खचाखच भरलं. करडे झगे, कंदील, रंगवलेल्या वेण्या. पहिल्या रांगेत जाड कोट घालून, काठी गुडघ्यांमध्ये धरून एर्लिसबाई बसल्या होत्या. साठी उलटली होती, केस पांढरेशुभ्र. नेरिसला बघून त्यांनी मान हलवली, वर्गात कविता म्हणायला उभं करताना हलवायच्या तशी.

नेरिसने वाचलं. काही चुकवलं नाही, काही गाळलं नाही. आवाज चढवायचा कुठे, थांबायचं कुठे, हे तिला सवयीने येत होतं. 'तिने दगडावर हात ठेवला.' दालन चिडीचूप. 'आणि ती वळली.' कुणीतरी हुंदका दिला. तिचा स्वतःचा आवाज भिंतींवरून परत येत होता आणि तो तिलाच सांगत होता की मी जे शोधत होते ते खालीच होतं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

मग प्रश्न. लोकांनी बाईंना विचारलं, बाईंनी उत्तरं दिली, छोटी, गोड, ठरलेली. शेवटी मागच्या रांगेतून बारा-तेरा वर्षांची एक पोरगी उभी राहिली. चष्मा, दातांना तार. "मला तेगवेनला विचारायचंय," ती नेरिसकडे बोट करून म्हणाली. लोक कौतुकाने हसले. "तू खरंच परतली असतीस का?"

बाजूला उभा असलेला इडवल गालांवर बोटं ताणून 'हस, हस' अशी खूण करत होता. नेरिसने त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने आदल्या रात्री रांगेत उभं राहून पुस्तक घेतलं असणार आणि पहाटेपर्यंत वाचून संपवलं असणार, आणि तिचीही पानं चिकटलेली निघाली नसणार.

"नाही," नेरिस म्हणाली.

इडवलची बोटं गालांवरच राहिली.

"मी वर गेले असते. सहा जिने चढून आल्यावर कुणी परत फिरतं का? वर काय आहे ते बघायला तर निघाले होते मी. हे मुकुट वगैरे मला नको होतं. मला विचारलंच नाही कुणी." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. "मला वर जायचं होतं."

मग कुणीतरी जोरात शीळ घातली आणि अख्खं दालन उठून उभं राहिलं. टाळ्या, आरोळ्या, कंदील उंच. 'काय काम करते पोरगी!' असं कुणीतरी अगदी जवळ म्हणालं. सगळ्यांना वाटलं, हेही बसवलेलं आहे. नेरिस हात वर करून "अहो, नाही, खरंच" असं म्हणायला गेली तर टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेत फक्त एर्लिसबाई बसून राहिल्या होत्या.

लोकांना वर नेऊन सोडायला गाडीच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला बाई आणि नेरिस दोघीच उरल्या. त्या बुटक्या गाडीच्या डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा, छप्पर डोक्याला टेकायचं, आणि इडवल बाहेरून जाळीचं दार लावून घ्यायचा. गाडी निघाली, अर्ध्या बोगद्यात आली, आणि आचके देऊन थांबली. दिवे गेले. ही जुनी खोड होती तिची.

"बसा निवांत!" पुढून इडवल ओरडला. "पंधरा मिनिटं लागतील. मी चालत वर जाऊन बघतो." त्याच्या बॅटरीचा उजेड लांब लांब जात दिसेनासा झाला.

नेरिसने कंदील पेटवला. तिच्या मखमलीच्या घोळाने अर्धा डबा भरला होता. कडेने पाणी ठिबकत होतं.

"कुठपासून?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"आवडेनासं कुठपासून झालं?"

वर्गात बाईंना उत्तर न देण्याची सोयच नसायची. "रुपेरी डोळ्यांपासून," नेरिस म्हणाली.

बाईंनी नाकाने श्वास सोडला. तो हसण्याचाही असेल. "ते प्रकाशकांकडच्या पोरीने घालायला लावले. तरुणांना आवडतात म्हणाली."

"दिवेवाल्याला का मारलंत तसं? एका ओळीत?"

"कंटाळले होते त्याला."

"बाई!"

"खरं सांगते. तुम्हाला वाटतं लिहिणाऱ्याचा जीव असतो त्यांच्यात. असतो, सुरुवातीला. मग तीच माणसं रोज सकाळी दार वाजवायला लागली की नकोशी होतात. आणि तुमचं गाव. पावाचं दुकान, झग्यांचं दुकान. औषध आणायला गेले तरी काउंटरवरची विचारते, पुढचं केव्हा? मी पेन उचललं की मला ते सगळे मागे उभे दिसायचे."

"आणि सातवा जिना?"

बाईंनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. कंदिलाच्या उजेडात त्या फार दमलेल्या दिसत होत्या.

"मी तिला वर नेलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, कितीदा तरी. दार ढकलायची ती, आणि मी बघायचे वर काय आहे ते. तर समोर आपला मोठा रस्ता. बसथांबा. पाऊस. मी बदलायचे. समुद्र घालायचे, राजवाडे घालायचे, तर ते पोस्टकार्डावरचे वाटायचे. मी कुठे गेलेय गं? इथल्या जवळच्या बँगोरला शिकले, तीसुद्धा दर शनिवारी घरी यायचे. या गावाच्या पलीकडचं मला काही दिसतच नाही. वर्ष गेलं त्यात. आणि एके दिवशी तिला मी वळवलं. वळली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की वाटलं, हाच खरा शेवट असणार."

नेरिसला वाटलं होतं, कुणीतरी बाईंवर जबरदस्ती केली असेल. त्यांचा राग करता आला असता. या उत्तराचं काय करायचं ते तिला कळेना, आणि म्हणून ती जास्तच भडकली.

"मग तेच लिहायचं होतंत! बसथांबा होता तर बसथांबा. ती सात जिने चढून आली आणि समोर साधा ओला रस्ता होता. मला चाललं असतं. रडले असते, पण चाललं असतं!"

"लोकांना चाललं नसतं."

"लोकांचं मी नाही विचारत. शुक्रवारी 'मग?' असं लोक विचारायचे का? मी विचारायचे."

बाईंचा चेहरा आक्रसला. त्या म्हणाल्या, "आणि तू? तुझी लिव्हरपूलला जागा होती ना? तुझी आई म्हणाली होती. का नाही गेलीस?"

नेरिस मखमलीचा घोळ आवरायला लागली.

"माझ्या पुस्तकासाठी थांबलीस?" बाईंच्या आवाजाला एकदम धार आली. "वेडी आहेस का तू? मी गोष्ट लिहिली होती, बसचं वेळापत्रक नव्हतं लिहिलं. ते मुकुटबिकुट तूच घालून बसलीयस माझ्यासमोर. मी नाही घातला तुझ्या डोक्यावर."

हे खरंच होतं. नेरिस मुकुट काढायला गेली, तर तार केसांत गुंतलेली. बाईंनी काठी बाजूला ठेवली, पुढे वाकून तिचे केस सोडवायला हात घातला, पण डब्यात हात नीट फिरवायलाही जागा नव्हती. तेवढ्यात दिवे आले, गाडी हिसका देऊन सुटली, आणि दोघी पुन्हा आपापल्या बाकावर मागे फेकल्या गेल्या.

सोमवारी इडवल तिकीटखिडकीपाशी नाचायचाच बाकी होता. कुणीतरी तिचं बोलणं फोनवर टिपून जगभर पाठवलं होतं. "बघितलंस का? लाखो लोकांनी! त्या तुझ्या 'नाही'वर काय टाळ्या पडल्या! आजपासून प्रत्येक फेरीच्या शेवटी तेच. मी एकाला पढवून ठेवतो, तो प्रश्न विचारेल."

"इडवल, मी ते खरं बोलले होते."

"म्हणून तर चाललं. तसंच खरं बोल."

आणि ती बोलली. सगळा उन्हाळा. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, सुट्टीच्या दिवशी जास्त. पहिल्या आठवड्यात आवाज आपोआप चिरकायचा. पुढे आवाज कुठे चिरकवायचा ते ठरून गेलं. मग तर 'मला वर जायचं होतं' असं म्हणता म्हणता तिच्या मनात चालू असायचं की घरी जाताना दूध न्यायचंय. तिच्याजवळ स्वतःचं म्हणून एवढं एकच वाक्य होतं, तेही आता हिरव्या झग्याबरोबर खुंटीवर टांगायचं झालं. रात्री ती आरशात बघून ते पुटपुटायची, साधेपणाने, टाळ्यांशिवाय, तर ते येतच नसे.

बाई तिला टाळत होत्या. समोरून येताना दिसल्या तर रस्ता ओलांडायच्या. ऑगस्टच्या अखेरीस मात्र त्या आपणहून खाणीवर आल्या. नेरिस फेरी संपवून बाहेर ढिगाऱ्याच्या आडोशाला सँडविच खात बसली होती. बाई शेजारच्या दगडावर टेकल्या. बऱ्याच ताज्यातवान्या दिसत होत्या.

"तुझी परवानगी हवी होती," त्या म्हणाल्या. "चौथं लिहायला घेतलंय. प्रकाशक मागेच लागलेत. राणी तेगवेनच्या शहरात एक पोरगी आहे. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणते, नाही. तुझ्यावरून सुचली. तुझी काही हरकत नाही ना?"

नेरिसचा घास तोंडातच राहिला. राग यायला हवा होता, पण त्याआधी दुसरंच काहीतरी झालं. छातीत तीच जुनी कळ उठली, शुक्रवारची. तोंडातून शब्द निघूनही गेले.

"मग? ती वर जाते?"

बाईंनी डोंगराकडे बघितलं. "बघू," त्या म्हणाल्या. "दोनेक वर्षं तरी लागतील."

नेरिसला स्वतःचंच हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण बाईंनी आणखी एखादं वाक्य सांगितलं असतं, त्या पोरीचं नुसतं नाव जरी सांगितलं असतं, तर आपण पुन्हा थांबणार होतो, हे तिला अगदी स्पष्ट कळलं. दोन वर्षं, मग आणखी दोन.

"हरकत नाही," ती उठत म्हणाली. "लिहा तुम्ही. पण मला सांगू नका."

"वाचणार नाहीस?"

"माहीत नाही, बाई."

बाईंना ते लागलं. त्या काठी टेकत उतार उतरून गेल्या आणि त्यांनी वळून बघितलं नाही.

त्या संध्याकाळी नेरिसने कॉलेजला फोन केला. जागा अजून होती, मात्र दोन आठवड्यांत हजर व्हायला हवं होतं. हे तिने आईला सांगितलं तेव्हा आई बटाटे सोलत होती.

"इडवलला सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"तो बोंबलणार. गर्दीचे दिवस आहेत ऑक्टोबरपर्यंत." आईने एक बटाटा सोलून पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "मी थांब म्हटलं तर थांबशील?"

नेरिसच्या तोंडून पटकन उत्तर निघालं नाही. इतके महिने ते रोज तीनदा, भरल्या दालनात, आवाज चिरकवून निघत होतं आणि आता स्वयंपाकघरात एका माणसासमोर निघेना. आईने सोलणं थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"नाही," नेरिस अखेर म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं.

"मग मी कशाला म्हणू?" आई म्हणाली आणि पुन्हा खाली बघून सोलायला लागली. तिचे हात मात्र नेहमीसारखे चालत नव्हते. "तो झगा तुझ्या मामेबहिणीला होईल का बघते. छातीत सैल करावा लागेल."

निघण्याच्या दिवशी पोचवायला कुणी आलं नाही. इडवल रुसला होता, आई तिकीटखिडकीवर कामाला बसली होती. नेरिसने डबा घेतला, पेटी बसमध्ये चढवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. गावाबाहेरच्या वळणावर बस थांबली. मेंढ्यांचा मोठा कळप रस्त्यावर उतरला होता आणि धनगराचं कुत्रं कुठे दिसत नव्हतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, शिव्या दिल्या, शेवटी इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडलं. मेंढ्या बसच्या दोन्ही बाजूंनी काचांना अंग घासत उभ्या होत्या, पुढे जाईनात की मागे जाईनात. नेरिसने डबा उघडला आणि खायला सुरुवात केली.